कलादालनाचा अभ्यागत : भिलाईच्या निमित्ताने एक विचार

औद्योगिक विकासाचे मोजमाप करताना उत्पादन, रोजगार, वीज, रस्ते आणि घरे यांचे आकडे सहज हाती येतात. परंतु कारखान्याभोवती वसलेल्या नगरातील माणसाला आपली पाळी संपल्यानंतर चित्र, शिल्प, गाणे वा कथा यांचा सहवास कितपत लाभतो, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. कलाकेंद्रांच्या अहवालात किती प्रदर्शने भरली आणि किती कलावंतांनी भाग घेतला हे असते. तेथे आलेला माणूस काय घेऊन परत गेला, हे बहुधा नसते. सामुदायिक कलाकेंद्र ज्याच्यासाठी उभारले जाते त्या अभ्यागताच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादनगर उदाहरण म्हणून घेतले आहे.

पोलादनगर आणि कलादालन

तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मुंबई–हावडा लोहमार्गावरील या परिसरात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा या प्रांतांतील कुटुंबांबरोबर विदर्भातील मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. सेक्टरांमध्ये आखलेली नगररचना, शाळा, रुग्णालय, क्रीडांगणे आणि बागा अशी या नगराची घडण झाली. सिव्हिक सेंटर परिसरातील नेहरू आर्ट गॅलरी हा त्याच घडणीचा एक भाग होय. कारखान्याच्या क्रीडा, सांस्कृतिक व नागरी सुविधा विभागामार्फत चालविल्या जाणाऱ्या या दालनात प्रामुख्याने परिसरातील चित्रकार, शिल्पकार व छायाचित्रकार यांची अल्प मुदतीची प्रदर्शने भरत आली आहेत.

सेक्टरांखेरीज या नगराला इतर वसाहतीही आहेत. हुडको ही त्यांपैकी एक. १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नागरी विकास महामंडळाच्या संक्षिप्त नावानेच ही वसाहत ओळखली जाते. घर ही विकासाची पहिली गरज, हे त्या नावातून आपोआप सांगितले जाते. घर मिळाल्यानंतर माणसाला आणखी काय हवे असते, हा त्यापुढचा प्रश्न. हुडकोतील एखादे कुटुंब सायंकाळी घराबाहेर पडून कलादालनापर्यंत जाते का, गेल्यास तेथे किती वेळ रमते आणि पुन्हा येते का, या साध्या प्रश्नांच्या उत्तरांवर अशा केंद्राचे खरे यश अवलंबून असते.

अभ्यागताचा विचार आज करण्यास आणखी एक कारण आहे. गेल्या काही दशकांत सार्वजनिक क्षेत्रातील मोठ्या कारखान्यांतील कायम कामगारांची संख्या लक्षणीय घटली असून कंत्राटी कामगारांचे प्रमाण वाढले आहे. भिलाईही त्याला अपवाद नाही. ज्या समुदायाला समोर ठेवून या नगरातील सांस्कृतिक सोयी निर्माण झाल्या, त्या समुदायाचे स्वरूपच बदलले आहे. निवृत्तीनंतर येथेच राहिलेले ज्येष्ठ नागरिक, शिक्षणानंतर बाहेरगावी गेलेली त्यांची मुले, आसपासच्या खेड्यांतून रोज कामावर येणारा कंत्राटी कामगार आणि त्याचे कुटुंब हा आजचा समुदाय आहे. त्यातील शेवटच्या गटाला कलादालनाचे दार आपल्यासाठी उघडे आहे असे वाटते का, हा केवळ कलेचा नव्हे तर सामाजिक न्यायाचाही प्रश्न आहे.

पोहोचण्याची अडचण

कलादालनात प्रवेश विनामूल्य असला म्हणजे ते सर्वांना खुले झाले असे आपण समजतो. प्रत्यक्षात वेळ आणि अंतर हेही एक प्रकारचे शुल्कच असते. पोलाद कारखान्यातील झोतभट्टी थांबविता येत नाही. म्हणून काम चोवीस तास तीन पाळ्यांत चालते. सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते दुपारी दोन, दुपारी दोन ते रात्री दहा आणि रात्री दहा ते सकाळी सहा अशी ही विभागणी असते. एखादे प्रदर्शन तीनच दिवसांचे आणि केवळ सायंकाळी दोन-तीन तास उघडे राहणारे असेल, तर त्या दिवसांत दुसऱ्या पाळीवर असलेल्या कामगाराला ते पाहताच येणार नाही. पाळी बदलेपर्यंत प्रदर्शन उतरलेले असेल. त्याच्या घरातील मुलांना आणि स्त्रियांना सोबतीअभावी जाता आले नाही, तर एकाची अनुपस्थिती चौघांची होते.

यावर उपाय खर्चिक नाही. एकूण तास तेवढेच ठेवून एखाद्या दिवशी दालन सकाळी उघडता येते. तीन दिवसांचे प्रदर्शन आठवडा ओलांडेल अशा बेताने आखले तर प्रत्येक पाळीला एक तरी संधी मिळते. औद्योगिक नगरातील कलादालनाचे वेळापत्रक कार्यालयाच्या घड्याळाप्रमाणे न बेतता कारखान्याच्या भोंग्याप्रमाणे बेतावे, एवढाच याचा अर्थ.

अंतराच्या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण उद्बोधक आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली चाकांवरचे संग्रहालय सुरू केले. बसमध्ये मांडलेल्या वस्तू व प्रतिकृती घेऊन हा उपक्रम शाळांपर्यंत आणि लहान गावांपर्यंत पोहोचला. माणूस संग्रहालयाकडे येऊ शकत नसेल तर संग्रहालयाने माणसाकडे जावे, ही त्यामागील भूमिका. भिलाईसारख्या नगरात यासाठी बसचीही आवश्यकता नाही. हुडकोसारख्या वसाहतीतील समाजमंदिरात, शाळेच्या सभागृहात किंवा गणेशोत्सवाच्या मंडपालगत दहा-बारा चित्रे चार दिवस मांडणे सहज शक्य आहे.

चित्रासमोरचा वेळ

अभ्यागत दालनात आला म्हणजे त्याने कलाकृती पाहिली असे होत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात जेफ्री स्मिथ व लिसा स्मिथ यांनी केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तेथील ख्यातनाम चित्रांसमोर प्रेक्षक किती वेळ थांबतात हे त्यांनी मोजले. सरासरी २७ सेकंद भरली. मध्यक मात्र अवघा १७ सेकंदांचा होता. म्हणजेच निम्म्या प्रसंगी प्रेक्षक १७ सेकंदांहून अधिक रेंगाळला नाही. जगातील नामांकित संग्रहालयात ही स्थिती असेल, तर लहान गावच्या दालनातील प्रेक्षक घाईने पुढे सरकतो म्हणून त्याला अरसिक ठरविणे योग्य नव्हे.

घाईची काही कारणे शारीरिक असतात. बोस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर लेख लिहिला. चांगली दृष्टी असलेल्या आणि संग्रहालयांची सवय असलेल्या एका माणसाला त्यांनी मांडलेल्या वस्तूंविषयी साधे प्रश्न दिले आणि उत्तरे शोधताना त्याची छायाचित्रे घेतली. वाकून, गुडघे टेकून, मान वळवून तो वस्तू पाहत असल्याचे त्यांत दिसले. दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणीचा आहे, हा गिल्मन यांचा निष्कर्ष होता. वस्तू कमी ठेवाव्यात आणि त्या डोळ्यांच्या पातळीवर असाव्यात, ही शिकवण शंभर वर्षांनंतरही जुनी झालेली नाही. आठ तास उभ्याने काम करून आलेल्या माणसासाठी दालनात दोन बाकडी ठेवणे ही त्यात घालावयाची आणखी एक साधी भर होय.

दुसरे कारण ओळखीचे आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, कुलुपे, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचा प्रचंड संग्रह आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला हा ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. खेड्यातून आलेली आजी तेथे नातवंडाला अडकित्त्याचा उपयोग समजावून सांगू शकते. तिला फलक वाचण्याची गरज पडत नाही. काही वेळ तीच मार्गदर्शक होते. अमूर्त चित्रासमोर हीच आजी गप्प राहते. यावरून लोकांना फक्त ओळखीचेच दाखवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ओळखीच्या वस्तूपासून अनोळखी कलाकृतीपर्यंत जाणारी पायरी बांधणे हे केंद्राचे काम आहे.

छत्तीसगडमध्ये अशी पायरी बांधण्यास भरपूर साहित्य उपलब्ध आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येत आले आहे. त्याच भूमीच्या दक्षिणेस, बस्तरमधील कोंडागाव परिसरात, कारागीर तापलेले लोखंड ठोकून दिवे, प्राणी आणि मानवी आकृती घडवितात. पोलाद कारखान्यातील कामगाराला लोखंडाचा ताप, लवचिकपणा आणि ठिसूळपणा ठाऊक असतो. कोंडागावच्या शिल्पाशेजारी आधुनिक धातुशिल्प ठेवले, तर या माणसाला दोन्हींविषयी बोलण्यासारखे काही निश्चितच सापडेल. फलकावर शिल्पकाराच्या पदव्यांऐवजी लोखंड किती तापविले, सांधा कोठे आहे, हे लिहिले तर तो अधिक वेळ थांबेल. फलक हिंदीबरोबर छत्तीसगडीतही असावा, हेही ओघानेच आले.

रागीची भूमिका

पाहण्यानंतरची पायरी प्रतिसादाची. येथे छत्तीसगडची लोकपरंपराच आपल्याला मार्ग दाखविते. पंडवानी या महाभारतकथेच्या गायनप्रकारात मुख्य गायकाबरोबर रागी नावाचा साथीदार असतो. कथा पुढे सरकते तसतसा तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आश्चर्य व्यक्त करतो, कधी थट्टाही करतो. गायक त्याला उत्तर देतो आणि त्या उत्तरातून कथा उलगडत जाते. एका अर्थी रागी हा श्रोत्यांनी रंगमंचावर पाठविलेला प्रतिनिधी असतो. समोर बसलेल्या माणसाच्या मनातील प्रश्न तो मोठ्याने विचारतो. मराठी वाचकाला यावरून शाहिराला साथ देणारा झीलकरी सहज आठवेल. ऐकणाऱ्याला कलेच्या रचनेतच स्थान देण्याची ही रीत आपल्या लोकपरंपरेत खोलवर रुजलेली आहे.

आधुनिक कलादालनात मात्र रागीची जागा रिकामी असते. भिंतीवर चित्र, खाली नाव, कोपऱ्यात सुरक्षारक्षक आणि ‘स्पर्श करू नये’ ही सूचना. ‘हे असे का?’ हा प्रश्न अभ्यागताच्या मनात आला तरी विचारावा कोणाला? दाराजवळच्या अभिप्रायवहीत तो ‘प्रदर्शन उत्तम’ असे लिहून सही करतो आणि निघून जातो. ती वही पाहुण्याच्या सौजन्याची साक्ष देते. त्याच्या अनुभवाची नव्हे.

यास्तव प्रत्येक सामुदायिक कलाकेंद्रात एक रागी असावा, असे सुचवावेसे वाटते. तो विद्वान असण्याची गरज नाही. महाविद्यालयीन विद्यार्थी, निवृत्त शिक्षक किंवा कलेची आवड असणारी गृहिणी हे काम करू शकते. त्याने व्याख्यान देऊ नये. ‘यात तुम्हाला प्रथम काय दिसले?’ हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर ऐकून घ्यावे. सुदैवाने या प्रदेशात प्रशिक्षित मनुष्यबळाची वाण नाही. खैरागढ येथील इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून संगीत व कलांच्या शिक्षणाचे कार्य करीत आहे. तेथील विद्यार्थ्यांना प्रदर्शनकाळात अशा कामाची संधी मिळाल्यास उभयपक्षी लाभ होईल.

श्रोत्यापासून कलावंतापर्यंत

अभ्यागताला प्रतिसादाची संधी मिळाली तर काय घडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण भिलाईच्या परिसरातच आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई लहानपणी आपले मातामह ब्रिजलाल पारधी यांच्या तोंडून महाभारताच्या कथा ऐकत असत. ऐकता ऐकता त्यांनी त्या कथा मुखोद्गत केल्या. वयाच्या तेराव्या वर्षी शेजारच्या गावी त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि त्यासाठी त्यांना दहा रुपये मिळाले. स्त्रियांनी बसून गावे असा त्या काळचा प्रघात होता. तीजनबाईंनी हाती तंबुरा घेऊन, उभ्याने साभिनय गाण्याची कापालिक शैली स्वीकारली आणि त्यासाठी समाजाचा रोषही पत्करला. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी त्यांची कला हेरली. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण या सन्मानांनी त्यांचा गौरव झाला.

या कथेकडे सामान्यतः असामान्य प्रतिभेची कथा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु तिची सुरुवात एका ऐकणाऱ्या मुलीपासून होते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कला तिच्या घराच्या अंगणात चालली होती. ती ऐकण्यासाठी कोणाची परवानगी वा प्रवेशपत्रिका लागत नव्हती. आणि तीच कथा तिला पुन्हा पुन्हा ऐकता आली. जवळीक, मोकळीक आणि पुनरावृत्ती या तीन गोष्टी तिला लाभल्या. उभे राहून गाण्याची मोकळीक मात्र तिला कोणी दिली नाही. ती तिने स्वतः मिळविली. सार्वजनिक केंद्राने पहिल्या तीन गोष्टी पुरवाव्यात आणि चौथीच्या आड येऊ नये.

भोपाळच्या भारत भवनाचा अनुभवही याच दिशेचा आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या केंद्राची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी तलावाकाठच्या उतारावर, जमिनीत उतरत जाणाऱ्या अंगणांच्या रूपात रचली. भव्य प्रवेशद्वाराचे दडपण न येता माणूस पायऱ्यांवरून सहज आत येतो. तेथील रूपंकर या कलासंग्रहालयात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी व लोककलेला नागर कलेच्या बरोबरीने स्थान दिले. पाटनगढ या गावी भिंतींवर चित्रे काढणारे जनगढसिंह श्याम हे तरुण गोंड कलावंत याच प्रयत्नांतून भोपाळला आले आणि पुढे त्यांच्या गावातील व नात्यातील अनेकांनी कुंचला हाती घेतला. ज्याची कला आपण पाहण्याची वस्तू मानतो, त्याला निर्माता म्हणून आत बोलाविले की एका माणसामागून एक समुदाय येतो, हा त्यातील धडा होय.

अनुभवाचे मोजमाप

कलेचा अनुभव मोजता येत नाही असे म्हटले जाते. तो पूर्णपणे मोजता येत नाही, हे खरे. परंतु त्याच्या खुणा नोंदविता येतात. लहान केंद्राला परवडेल अशी एक पद्धत येथे मांडता येईल.

पहिली नोंद निरीक्षणाची. दर प्रदर्शनात तीन कलाकृती निवडाव्यात आणि एका स्वयंसेवकाने तासभर दूर बसून प्रत्येकीसमोर किती जण थांबले, किती वेळ थांबले आणि किती जण आपसांत बोलले हे लिहावे. कोणाचेही नाव लिहू नये. दुसरी नोंद प्रश्नांची. अभ्यागतांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवावेत. ‘हे बनवायला किती दिवस लागले?’, ‘हे विकत मिळते का?’, ‘हे मला शिकता येईल का?’ या तीन प्रश्नांमागे तीन निरनिराळ्या वृत्ती आहेत आणि तिसरा प्रश्न विचारणारा अभ्यागत केंद्राने हातचा जाऊ देऊ नये. तिसरी नोंद परतण्याची. ‘यापूर्वी केव्हा आला होता?’ आणि ‘कोणत्या वस्तीतून आलात?’ एवढेच विचारावे. हुडको, सेक्टर, जवळचे खेडे अशा साध्या वर्गवारीतून वर्षअखेर एक नकाशा तयार होईल. ज्या वस्तीच्या रकान्यात शून्य आहे, तेथे पुढील वर्षी प्रदर्शन घेऊन जावे. आकडेवारीचा खरा उपयोग पाठ थोपटून घेण्यासाठी नसून उणीव कोठे आहे हे कळण्यासाठी असतो.

समारोप

सामुदायिक कलाकेंद्राच्या यशाचा विचार बहुधा इमारत, अनुदान आणि कार्यक्रम यांभोवती फिरतो. या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. तथापि त्या पुरेशा नाहीत. पाळीनुसार बदलणारी वेळ, डोळ्यांच्या पातळीवरची मोजकी मांडणी, बसायला बाकडे, लोकभाषेतील फलक, प्रश्न विचारणारा एक रागी आणि प्रामाणिकपणे ठेवलेली तीन रकान्यांची नोंद, यांपैकी एकाही गोष्टीस नवी इमारत लागत नाही. त्यांना लागते ती अभ्यागताकडे पाहण्याची निराळी दृष्टी. तो मोजण्याचे डोके नाही, उपदेशाचा विषय नाही. तो कथेत हुंकार देणारा साथीदार आहे.

भिलाईच्या भट्ट्यांतून निघालेल्या पोलादाचे रूळ देशभर पसरले आणि दूरदूरची गावे एकमेकांना जोडली गेली. त्याच नगरातील एक वसाहत आणि एक कलादालन यांमधील अंतर काही थोड्याच मैलांचे आहे. ते कमी करण्याचे काम स्थानिक प्रशासन, कारखान्याचे व्यवस्थापन, शाळा आणि कलावंत यांनी मिळून हाती घेतले, तर कंत्राटी कामगाराची मुलगीही एखाद्या सायंकाळी त्या दालनात येईल, प्रश्न विचारेल आणि पुन्हा येईल. तिच्या त्या दुसऱ्या भेटीची नोंद केंद्राच्या वार्षिक अहवालात सर्वांत वर असावी.